न प्यालेल्याचा दाखला

“हे तुला पटायचं न्हाई,” मी श्रीशैलला म्हणालो, “पन या तालुक्यात एक माणूस असा हाय, त्यानं जन्मात दारूचा थेंब घेतला न्हाई, आन् ते सिद्ध करायला त्याला भर बाजारात झिंगावं लागलं.”

श्रीशैल हसला. सिरसाळ्याचा पोरगा, एका वाहतूक कंपनीत नवा सुपरवायझर झालेला. पट्ट्याला पेजर लावला होता, आणि उमापुरात तो वाजायची काही सोय नव्हती. सिद्धेश्वरच्या हॉटेलात शिरून त्यानं सरळ विचारलं होतं, “आमच्या ड्रायव्हर लोकांची दारूची तपासणी करायची हाय. हेडऑफिसचा हुकूम हाय. जवळपास कुठं होते का?” ते ऐकून बाकड्यावरच्या दोन-तीन ड्रायव्हरांनी कपात तोंडं घातली, ती वर काढलीच नाहीत.

“पटत न्हाई ना? मग हिला इचार,” मी म्हणालो आणि हॉटेलाच्या दारातल्या मोसंबीच्या गाड्याकडं बोट केलं. “ही रुबीना. त्याच पाशाभाईची लेक.”

रुबीना फडक्यानं मोसंबी पुसत होती. वर न बघता म्हणाली, “हां, नाना.”

आमचं असंच चालतं. मी गोष्ट सांगतो, ती हां म्हणते. गोष्ट रंगली की ऐकणारा उठताना चार मोसंब्या घेऊन उठतो. माझ्या गोष्टींत किती पाणी असतं ते तिला ठाऊक आहे. दूधवाल्याच्या घरच्यांना ते ठाऊक असतंच.

तर पाशाभाई. आमच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये टेम्पो चालवायचा. बॉनेटवर चहाची भरलेली बशी ठेवून हा माणूस बीडला जायचा आणि साय न मोडता बशी उतरवायचा. “हां, नाना,” रुबीना म्हणाली. जिनिंगचे बाकीचे ड्रायव्हर, सटवा, बिभीषण आणि त्यांचा गोतावळा, दिवस मावळला की धाब्यावर. ते पडले की त्यांना टेम्पोत घालून घरोघर पोचवायचं काम पाशाभाईचं. कुणाला कुठल्या कुशीवर निजवायचं, कुणाच्या बायकोला हाक मारायची आणि कुणाच्या नाही, सगळं त्याला माहीत. आमिनाबी, म्हणजे त्याची बायको, वैतागायची. “तुम्ही प्यात न्हाई तर मग तुमच्या अंगाला रोज वास कावून येतो?” पाशाभाई म्हणायचा, “दुसऱ्याचा हाय, धुतला की जातो.”

त्या साली सगळंच नवं येत होतं. चौकात एसटीडीची पिवळी पाटी आली, घरावर टीव्हीची परातीएवढी ताटली आली, आणि आमची जिनिंग बाहेरच्या कंपनीनं घेतली. कंपनीबरोबर मॅनेजर आला. त्याला पहिल्या दिवसापासून वाटायचं की इकडं सगळे पितात. फार चूक नव्हता. तो सकाळी गेटवर उभा राहायचा आणि एकेका ड्रायव्हरला म्हणायचा, “फुंक.” नाक असं, की फुंकरीवरून रात्रीची भाजी सांगायचा.

“आन् न्हाई सांगितली तर?” श्रीशैल म्हणाला.

“न्हाई सांगितली तर तू उपाशी झोपलास म्हणून समज.”

पिणारे हुशार. पेरूचा पाला चावून यायचे. गेटवर सटवा फुंकला की पेरूच्या बागेतून वारा आल्यासारखं वाटायचं. पाशाभाईला पाल्याची गरज कधी पडली नव्हती, आणि तीच त्याला नडली. दाढ ठणकत होती म्हणून त्यानं आदल्या दिवशी बाजारातल्या दात काढणाऱ्याकडून ती उपटून घेतली. दात काढणाऱ्यानं खड्ड्यात कसल्याशा झणझणीत औषधाचा बोळा दाबला. सकाळी गाल सुजलेला, डोळे लाल, जीभ जड, आणि त्या औषधाचा वास असा की जवळ बिडी पेटवायची भीती. मॅनेजर म्हणाला, “फुंक.” पाशाभाई फुंकला.

मॅनेजरनं टेम्पोची किल्ली काढून घेतली. पाशाभाईनं तोंड उघडून दाढेचा खड्डा दाखवला, तर म्हणाला, “पिऊन पडला असशील, म्हणून पडली.” शेवटी एवढं बोलला: रक्तात दारू नाही असा सरकारी कागद आण. हंगामाचा पहिला कापूस आत यायच्या आधी आण. खाजगी डॉक्टरचा चालणार नाही. कारण खाजगी डॉक्टरचे दाखले बाकीच्यांनी आधीच आणून दिले होते, आणि दाखला खिशात असलेला बिभीषण सरकीच्या ढिगात उलटा सापडला होता. ढिगातून काढलं, दाखला बघितला, कामावर ठेवलं. पुढच्यासाठी नियम कडक केला. पुढचा पाशाभाई होता.

आता आजच्या भांड्यात कालचा पाऊस कसा मोजायचा? पण कंपनीपुढं कोण बोलणार. पाशाभाई माझ्याकडं आला. म्हणाला, “नाना, ही तपासणी कुठं होती हो?” अगदी तुझ्यासारखंच विचारलं बघ, श्रीशैल.

आम्ही तालुक्याला गेलो. तिथं रक्त तपासायचं एक दुकान होतं, काचेवर लाल थेंब काढलेला. आतला पोरगा म्हणाला, “साखर बघतो, मलेरिया बघतो, गरवारपण बघतो. दारू बघत न्हाई.”

पाशाभाई म्हणाला, “बघ की बाबा, माझ्यात नसलेली चीज हाय. लई टाइम लागायचा न्हाई.”

“नसलेलं बघायचं औषध लई महाग हाय, चाचा. आमी ठेवत न्हाई.”

मग सरकारी दवाखाना. डॉक्टर माणूस चांगला. दाढेचा खड्डा बघून हळहळला. पण म्हणाला, दारूसाठी रक्त घ्यायचं तर पोलिसाचं पत्र लागतं. माझ्या मनानं मी सुई टोचू शकत नाही.

मग पोलीस. ओट्यावर रामहरी जमादार पाय सोडून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पाशाभाईभोवती एक फेरी मारली, हुंगलं.

“पिलेला न्हाई बे तू.”

“न्हाई, साहेब. तेच लिहून पायजे.”

“पिलेला असला तर मी पत्र लिहितो. दंगा केला, शिव्या दिल्या, लोळला, तर लगेच लिहितो. न पिलेल्यावर काय लिहू? आज तुझ्यावर लिहिलं तर उद्या अख्खा तालुका रांग लावील, आमी बी पिलो न्हाई म्हणून.”

बीडला फुग्यात फुंकायचं यंत्र आलंय असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तिथंही जाऊन आलो. यंत्र कपाटात, किल्ली साहेबाच्या खिशात, साहेब बदली होऊन गेलेला. मी म्हणालो, कपाटाच्या फटीतून तरी फुंकू द्या. मी फुंकलो तर आतला काटा फिरला आणि फिरून शिपायाकडं तोंड करून थांबला.

सिद्धेश्वर चहा गाळता गाळता हसला. रुबीना म्हणाली, “हां, नाना.”

परतीच्या एसटीत पाशाभाई खिडकीशी बसला. उमापूरचा फाटा आला तरी उठेना. मी दंडाला धरलं तर म्हणाला, “नाना, आता एकच राहिलं. जमादार म्हणला तसं करायचं.”

“पिनार?”

“तोबा. पिलो तर रगतात यील की. पिलेल्यासारखं करायचं.”

तालुक्याच्या बाजाराचा दिवस धरला. सगळा मुलूख लोटलेला. पाशाभाईनं धुतलेला सदरा घातला होता, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. भांडी-गल्लीत शिरला आणि झिंगायला लागला. कसला झिंगतो? ज्याला धक्का लागेल त्याला म्हणायचा, “माफ करा हां, भाऊ.” एका म्हातारीची पिशवी पडली तर बसून कांदे गोळा करून दिले. रामहरी जमादार लांबून बघत होता. जवळ येऊन कानात म्हणाला, “घरी जा बे. हे बघून मी पत्र लिहिलं तर माझी नोकरी जाईल.”

पाशाभाई चौकात उभा राहिला. डोळे मिटले. आणि मग त्याला सुचलं, की आपल्याला पिता येत नसलं तरी पिलेले येतात की. इतकी वर्षं त्यांना खांद्यावरून वाहिलेलं.

आधी त्यानं बिभीषण काढला. उकिडवा बसून आईला हाका मारत रडला, मध्येच थांबून बिडी मागितली, मिळाली नाही म्हणून परत रडला. बाजार थबकला. मग पिलेल्यांत रामपुरी चाकू शोधणारा एक जण असतोच, तो काढला, खिसे उलटे करून करून. लोक भोवती गोळा झाले. पोरांना खांद्यावर घेतलं. खुद्द बिभीषण गर्दीत होता, तो पोट धरून हसत होता, म्हणत होता, “आरं, हा मीच की.” मी बाजूला उभा राहून बघत होतो. असा खेळ मी कुठल्या जत्रेत बघितला नाही. आणि पाशाभाईच्या डोळ्यांतून खरं पाणी चाललं होतं, तेही लोकांना खेळातलंच वाटलं.

शेवटी त्यानं सटवा काढला. सटवा पडला की रोज रात्री एकच करायचा. टेम्पोच्या हौदात उताणा पडून मॅनेजरला शिव्या द्यायचा. नाकापासून सुरू करायचा आणि मॅनेजरच्या आज्यापर्यंत जायचा. पाशाभाई रस्त्यावर उताणा पडला आणि सटवाचा शब्द न् शब्द त्यानं म्हटला. आभाळाकडं बघत, मोठ्यानं, न चुकता.

मॅनेजर बाजारात मेथी घ्यायला आला होता. जुडी हातात घेऊन गर्दीच्या पुढच्या रांगेत उभा होता.

पाशाभाईनं डोळे उघडले तेव्हा ते नाक त्याच्या वर होतं. पाशाभाई चटकन उठला, सदरा झटकला, म्हणाला, “साहेब, मी पिलेलो न्हाई. हे तपासणीसाठी चाललंय.”

सगळा बाजार हसला. मॅनेजर हसला नाही. म्हणाला, “आता तपासणी कशाला? डोळ्यांनी बघितलं.” आणि मेथी घेऊन गेला.

रामहरी जमादारानं मात्र शब्द पाळला. पत्र लिहिलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं रक्त काढलं, बाटलीवर लाख ओतून मोहोर उठवली, म्हणाला, मोठ्या शहरात सरकारी तपासणीला जाईल, तिकडून रिपोर्ट येईल. पाशाभाईनं बाटली निघेपर्यंत तिच्याकडं बघितलं. बाकीचे ड्रायव्हर हंगामाला कामावर लागले. सटवाला पाशाभाईचा टेम्पो मिळाला. त्या दिवशी बाजारातून निघताना पोरं पाशाभाईच्या मागं लागली होती. म्हणत होती, “चाचा, एकदा सटवा करा ना.”

मी थांबलो. सिद्धेश्वरचा चहा उकळून काळा झाला होता. कपात तोंड घातलेले ड्रायव्हर आता उघड ऐकत होते.

“मग?” श्रीशैल म्हणाला. “रिपोर्ट?”

आता एवढ्यावर गोष्ट सोडली तर माणूस मोसंबी घेत नाही. आणि मोसंबीचं जाऊ द्या, माझ्याच्यानं सोडवत नाही. मी मांडी बदलली.

“आला की रिपोर्ट,” मी म्हणालो. “टपालानं न्हाई, खास गाडीनं आला. दारू शून्य. इतकं स्वच्छ रगत, की तिथल्या डॉक्टरनं दुसऱ्यांदा मागवून घेतलं, नव्या डॉक्टरांना दाखवायला. मॅनेजर रिपोर्ट वाचून खुर्चीतून उठला. स्वतः पाशाभाईच्या दारात आला, किल्ली हातावर ठेवली, आन् म्हणाला, माझं नाक चुकलं. पाशाभाईनं टेम्पो घेतला न्हाई. म्हणाला, सटवाचं पोट कशाला मारू? मग कंपनीनं त्याला मोठी गाडी दिली, हैदराबाद लाईनची. रात्री उमापूरच्या फाट्यावरून जातो तवा हॉर्न देतो, एक लांब, दोन आखूड. मी अंथरुणातून हात वर करतो. पटत न्हाई? हिला इचार.”

सगळ्यांनी गाड्याकडं बघितलं. रुबीनाच्या हातात एक मोसंबी होती. पुसून झालेली, तरी ती पुसतच होती.

“इचारा हिला,” मी पुन्हा म्हणालो.

“खोटं हाय, नाना,” रुबीना म्हणाली.

ती कधी असं म्हणाली नव्हती. बशीच्या गोष्टीला नाही, काट्याच्या नाही.

“रिपोर्ट आला न्हाई,” ती म्हणाली. “अब्बा घरातच हाय. त्या दिवसापासून त्यानं बाजार बघितला न्हाई, दारातून रस्ता बी बघत न्हाई. मी माल आनाया तालुक्याला निघाले की म्हणतो, दवाखान्यात इचारून ये. मी इचारून येते. आता तिथली मान्सं मला लांबून बघूनच मान हलवत्यात.”

तिनं मोसंबी ढिगावर ठेवली आणि श्रीशैलकडं वळली.

“साहेब, तुमाला कळलं ती तपासनी कुठं होती, तर मला बी सांगा. अब्बानं अजून थेंब घेतला न्हाई.”