मर्टलचं तिसरं कडवं

"या बेटावरचं संगीत मेलं आहे," गायक प्रिन्स एव्हराल्डने जाहीर केलं, "आणि त्याच्या उशाशी बसलेला शेवटचा माणूस मी आहे."

"मान खाली," होपटन न्हावी म्हणाला.

प्रिन्सने मान खाली घातली. अर्धं डोकं काळं आणि अर्धं पांढरं असताना माणसाने इतिहासावर बोलू नये, पण मॅक्सफील्ड रस्त्यावर होपटनच्या खुर्चीत बसून आजवर कुणी दुसऱ्या कशावर बोललं नव्हतं. कलप चालला होता तो शनिवारच्या अंत्यविधीसाठी. फर्डी मलिंग्ज वारला होता. फर्डी म्हणजे 'रॉयल थंडर' या साउंडचा, म्हणजे गल्लोगल्ली नाचाची गाणी लावणाऱ्या यंत्रणेचा, मालक. भिंतीएवढे कर्णे ट्रकवर घालून त्याने चाळीस वर्षं किंग्स्टनची झोप उडवली होती. मरणापूर्वी त्याने बायकोला बजावून ठेवलं होतं, की चर्चमध्ये प्रिन्सने 'थांब ना, मर्टल' म्हणायचं, नाहीतर मी शवपेटीत आडवा होणार नाही.

प्रिन्सने तिला नाही म्हणून कळवलं होतं.

"ज्याने तुझं गाणं मोठं केलं त्यालाच नाही?" होपटनने ब्रश थांबवला.

"मोठं नाही, अर्धं केलं."

या एका वाक्यात प्रिन्सची सगळी कारकीर्द होती आणि होपटनने ती इतक्या वेळा ऐकली होती, की तो पुन्हा रंग कालवायला लागला.

गाणं लोकांना आवडलं की ते थांबवायचं, असा या शहराचा कायदा आहे. कुणीतरी पत्र्याच्या कुंपणावर मूठ आपटतो, शिट्ट्या वाजतात, लायटर पेटतात, आणि तबकडी लावणारा सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवतो. याला गाणं फिरवणं म्हणतात. जितकं जास्त आवडलं तितक्या जास्त वेळा. शेवटपर्यंत जातं ते न आवडलेलं गाणं. प्रिन्सचं दुर्दैव असं, की 'थांब ना, मर्टल' जमैकाला पहिल्याच रात्री आवडलं. फर्डीने ते लावलं, दुसऱ्या ओळीला कुंपण वाजलं, फर्डीने सुई उचलली, आणि तेव्हापासून ती कधी पुढे सरकलीच नाही.

आता, रेकॉर्डवर गाण्याची दोनच कडवी होती. बसथांब्यावर उभा असलेला मुलगा मर्टल नावाच्या मुलीला थांब म्हणतो, हे पहिलं. पावसात भिजून पुन्हा थांब म्हणतो, हे दुसरं. तिसरं निर्मात्याने कापलं होतं. मिस्टर वॉटकिस नावाचा तो गृहस्थ, पॅटिस खाता खाता त्याने ते ऐकलं आणि म्हणाला, दोन पुरेत, तिसऱ्याला लोक बसून घेतील. पॅटिसचा तुकडा त्याच्या हनुवटीला चिकटलेला होता. प्रिन्सला मिस्टर वॉटकिसचा चेहरा आता आठवत नसे, तो तुकडा तेवढा आठवे, आणि अजून मळमळे.

कारण खरं गाणं तिसऱ्या कडव्यात होतं. मर्टल म्हणजे मुलगी नव्हतीच. मर्टल म्हणजे स्वातंत्र्य. तिसऱ्या कडव्यात हे उघड व्हायचं, आणि मग आधीच्या दोन कडव्यांवर वेगळाच प्रकाश पडायचा. तो न पडल्यामुळे सगळा देश गेली कित्येक वर्षं समजत होता की एका पोराची बस चुकली. लोक या गाण्यावर लग्नात नाचत. मुलींची नावं मर्टल ठेवत. एका कंपनीने ते कोंबडीच्या मसाल्याच्या जाहिरातीत वापरलं, आणि तिथे थांब म्हटलं जाई ते कोंबडीला.

मुलाखतीत त्याने ते कडवं नुसतं बोलून दाखवावं, असं लोकांनी सुचवून पाहिलं. त्याला ते मान्य नव्हतं. तिसरं कडवं दुसऱ्यानंतर यायला हवं, नाहीतर ते तिसरं कसलं? आणि रंगमंचावर तो दुसऱ्यापर्यंत पोचला तरी नशीब. फिरवाफिरवीत त्याची वेळ संपे आणि पुढचा गायक पडद्याआडून खोकायला लागे. लंडनला तेच, टोरांटोला तेच. जपानवर त्याची मोठी भिस्त होती. तिथली माणसं सभ्य, असं त्याने ऐकलं होतं. पण ओसाकाच्या पोरांनी जमैकाच्या चालीरीतींचा मन लावून अभ्यास केला होता, आणि कुंपण नसेल म्हणून ती घरून पातेल्यांची झाकणं घेऊन आली होती. त्यांनी पहिल्या ओळीलाच ती बडवली आणि मग कमरेत वाकून नमस्कार केला.

उत्तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांत मात्र कुणी काही बडवत नसे. तिथे त्याला पोपटांचा शर्ट घालावा लागे, आणि दुसऱ्या कडव्याला पाहुणे कोळंबीच्या टेबलाकडे निघून जात. एकदा त्याने तिसरं कडवं सुरू केलं होतं. समोर एक म्हातारा होता आणि तो झोपलेला होता. प्रिन्सने तोंड मिटलं. झोपलेल्या माणसापुढे स्वातंत्र्य आणायची त्याला किळस आली.

हल्ली तर ध्रुवपद ओठांवर आलं की तोंडात गार पेज फिरल्यासारखं व्हायचं. लोक रस्त्यात भेटत आणि त्याच्या तोंडावर तेच म्हणत. पोस्टातली बाई शिक्का मारता मारता गुणगुणे. त्याला या देशाचा कंटाळा आला नव्हता, शिसारी आली होती. आणि परवा इस्पितळातल्या डॉक्टरणीने त्याच्या घशात बत्ती टाकून सांगितलं होतं, की गाठ काढावी लागेल, पुढच्याच महिन्यात. बोलता येईल. गाणं विसरा.

हे त्याने होपटनला सांगितलं नव्हतं. होपटनला सांगणं म्हणजे रेडिओला सांगणं.

"तुझी मर्जी," होपटन टॉवेल झटकत म्हणाला. "पण चर्चमध्ये म्हणायला काय हरकत होती? तिथे काही कुंपण नाही."

प्रिन्सने मान वर केली. या वेळी होपटन त्याला खाली म्हणाला नाही, कारण प्रिन्सचा चेहरा बघून तो घाबरला.

संध्याकाळी प्रिन्स फर्डीच्या बायकोकडे गेला. मिस इसिल्डाने (इथे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) त्याला दारातच मिठी मारली आणि तुझं मन सोन्याचं आहे म्हणाली. त्याने ते नाकारलं नाही. फक्त विचारलं, की चर्चमध्ये टाळ्या, शिट्ट्या वगैरे काही चालत नाही ना? ती म्हणाली, पास्टर खोकूसुद्धा देत नाहीत.

पियानोवाली सिस्टर नोव्हलेट होती. तालमीला तिने चष्म्यावरून पाहिलं.

"तिसरं कडवं? याला तिसरं कडवं नाही."

"आहे. मी लिहिलंय."

"कधी?"

"पहिल्या दोनांच्या वेळीच, सिस्टर."

"मग इतकी वर्षं कुठं होतं?" तिने विचारलं, जणू तो ते खिशात घेऊन हिंडत होता.

शनिवारी चर्च भरलं. जुन्या साउंडवाल्यांनी जांभळे, पोपटी, सोनेरी सूट चढवले होते, आणि ज्यांनी उभा जन्म फर्डीचे कर्णे फोडायचे बेत केले ते आज त्याला भाऊ म्हणून रडत होते. एकाने श्रद्धांजलीत स्वतःच्याच साउंडची जाहिरात केली. दुसऱ्याने फर्डीला हरवल्याची रात्र सविस्तर सांगितली आणि शेवटी आमेन म्हटलं. प्रिन्स खुर्चीत बसून हे बघत होता. पेटीशेजारच्या बाकावर सहा खांदेकरी बसले होते. तेही फर्डीचेच, जन्मभर त्याचे कर्णे उचललेले. त्यांतला सगळ्यात आडवा तो बॉक्सी. खोके उचलून उचलून त्याची मान खांद्यांत गेली होती.

मग पास्टरनी नाव पुकारलं आणि प्रिन्स उभा राहिला. गळा दुखत होता, पण स्वर लागला. पहिलं कडवं त्याने असं म्हटलं, की पोपटी सूटसुद्धा गंभीर झाले. कुठे शिट्टी नाही, कुठे ठोका नाही. प्रिन्सच्या मनात आलं, शेवटी माणूस मरावा लागतो तेव्हा हे लोक ऐकतात. तो दुसऱ्या कडव्याकडे वळला.

ठक, ठक, ठक.

बॉक्सीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कुंपण जवळ नसल्यामुळे तो तळहाताने पेटीच्या झाकणावर मारत होता. त्याला ते कळतही नव्हतं. इतकी वर्षं हे गाणं लागलं की त्याचा हात जे सापडेल त्यावर पडायचा. सिस्टर नोव्हलेटचा पियानो आपोआप थांबला. पास्टरचं तोंड उघडं राहिलं. सगळं चर्च मिस इसिल्डाकडे बघायला लागलं, आता ही बॉक्सीला बाहेर काढणार म्हणून.

मिस इसिल्डा उभी राहिली. "बरोबर आहे बॉक्सीचं," ती म्हणाली. "फर्डीने एकदाच कधी ऐकलंय? एव्हराल्ड, पहिल्यापासून."

विधवेला नाही म्हणता येत नाही. प्रिन्सने पहिल्यापासून घेतलं. आता बाकीच्या पाचांनाही परवानगी मिळाल्यासारखं झालं. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीला सहा तळहात पेटीवर पडले, मागे कुणीतरी लायटर पेटवला आणि जांभळ्या सूटने तोंडात दोन बोटं घातली. पेटी तिच्या घोडीवर हलली. आत फर्डी होता, चांगला टाय बांधलेला, आणि त्याला बाहेरून ढोलासारखं बडवत होते, आणि बडवणारे रडत होते, आणि प्रिन्सला एवढी किळस आली की ती गिळायला गळ्यात जागा उरली नाही.

पियानो थांबला. प्रिन्स थांबला नाही.

गात गातच तो पायऱ्या उतरला, पेटीपाशी गेला आणि बॉक्सीचा हात त्याने झाकणावर आपल्या हाताखाली दाबून धरला. बॉक्सीने वर पाहिलं. बाकीचे हात एकेक करून खाली गेले. फिरवलेलं गाणं गायकाने पुढे रेटणं हा अपमान होता, तोही प्रेतासमोर, त्यामुळे सगळे इतके थक्क झाले की गप्प बसले. त्या शांततेत, पियानोशिवाय, दुसरं कडवं संपलं आणि तिसरं आलं.

"मर्टल, तू नव्हेस बाई, तू आहेस स्वातंत्र्य,
तुझ्यावाचून पडलं बंद कारखान्याचं यंत्र.
साखर असली गोड तरी इतिहास आहे कडू,
म्हणून हे मर्टल, आपण सगळे मिळून रडू."

घरी, न्हाणीत, हे त्याने असंख्य वेळा म्हटलं होतं, आणि न्हाणीत सगळंच चांगलं लागतं. इथे दगडी भिंती होत्या आणि त्यांनी प्रत्येक शब्द जसाच्या तसा परत केला. 'यंत्र'पाशी त्याला पहिली शंका आली. 'कडू'पाशी शंकेची खात्री झाली. 'रडू' त्याने डोळे मिटून म्हटलं. मिटलेल्या डोळ्यांपुढे पॅटिसचा तुकडा चिकटलेली ती हनुवटी आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यावरचा चेहराही त्याला लख्ख दिसला. मोठा समजूतदार चेहरा होता.

चर्च गप्प होतं. ही गाण्यानंतरची शांतता नव्हती. पाहुण्याच्या हातून काहीतरी फुटल्यावर घरात पसरते ती होती. बॉक्सीने हळूच आपला हात सोडवून घेतला. मिस इसिल्डा हातातल्या छापील पत्रिकेत पुढे काय आहे ते बघत होती. आता त्याला वाटलं, कुणीतरी ठोकावं. एकच ठोका, आणि तो धावत पहिल्यापासून म्हणेल, बसथांबा, पाऊस, हवं तितक्या वेळा. कुणी ठोकलं नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मदर बेनेटकडे त्याचं लक्ष गेलं. त्या चर्चच्या सगळ्यात वडील. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. रुमालाने त्या पुन्हा पुन्हा डोळे टिपत होत्या, गाल टिपत होत्या, आणि बोटाने त्याला जवळ बोलावत होत्या. प्रिन्सला वाटलं, एक तरी. देशाला कळलं नाही, पण एका बाईला कळलं. तो त्यांच्यापुढे गुडघ्यावर टेकला आणि कान जवळ नेला.

"पोरा," मदर बेनेट म्हणाल्या, "उठलाच आहेस तर तो पंखा जरा इकडे वळवतोस का?"