शेठचा ढगळ कोट

ते साल दोन हजार सहा होते. त्या वर्षअखेरच्या सुट्ट्यांत जे घडले, ते सांगायला आज मी या खिळ्यावरून बोलते आहे. ओळखलेत का मला, मित्रांनो? मी शिवणकामाची एक म्हातारी टेप. एकेकाळी पिवळीधमक होते, आता मळक्या नाडीसारखी दिसते. टोकाची पितळी पट्टी केव्हाच निखळली. सुरुवातीचे आकडे तर बोटांच्या घामाने पार पुसून गेले आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापडाच्या लांबलचक फितीवर गुळगुळीत लेप चढला, काळे आकडे उमटले, आणि आम्हा बहिणींना गुंडाळून खोक्यात भरले. पुढे सगळी गल्ली जिला काकू म्हणू लागली, त्या शिंपीणकाकूंनी मला विकत घेतले तेव्हा त्या नुकत्याच शिवणकाम शिकून बाहेर पडल्या होत्या. त्यांनी मला गळ्यात घातले आणि आरशात पाहिले. त्या दिवसापासून तो गळा हेच माझे घर झाले.

घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी त्यांचे मशीन होते. शेजारी कापड बेतायचे टेबल, आणि टेबलावर एक जाडजूड लाकडी पट्टी. अंगाचे माप माझ्याकडून घ्यायचे आणि कापडावर खुणा लाकडी पट्टीने करायच्या, ही काकूंची पद्धत. शाळेचे गणवेश, पहिल्या नोकरीचे सदरे, दवाखान्यातले पांढरे डगले, सगळ्यांची मापे मी घेतली. ज्या मुलांना मापासाठी स्टुलावर उभे करावे लागे, त्यांच्या मुलांनाही पुढे त्याच स्टुलावर उभे राहिलेले मी पाहिले. बायका माप देताना श्वास रोखून पोट आत घ्यायच्या. काकू म्हणायच्या, "सोडा, सोडा श्वास. मला फसवाल, कपड्याला कसं फसवाल?"

पण मित्रांनो, कापडाची टेप वर्षानुवर्षे ओढली की ताणते. आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते. लाकडी पट्टी होती तशीच राहिली आणि मी मात्र लांबत गेले. काकूंचे कपडे घट्ट होऊ लागले.

"काकू, मी जाड झाले की तुम्ही कापडाला चिकट झालात?" एक जुने गिऱ्हाईक हसत हसत म्हणाले, पण पुन्हा आले नाही.

"आई, ती टेप फेका बरं आता," सूनबाई वैतागून म्हणायची. "नवी आणून ठेवलीय ना ड्रॉवरमध्ये!"

"ती कडक आहे गं. अंगाला बसत नाही."

"आणि हिच्यापायी शिवलेलं काहीच अंगाला बसत नाही!"

काकूंनी मला फेकले नाही. माझ्या मापात त्या बोटभर कापड जास्तीचे धरू लागल्या. पण तोवर लोकांनी तयार कपड्यांची दुकाने धरली होती. मशीनवर चादर पडली. मी बटणांच्या आणि हुकांच्या डब्यात गेले. डब्याच्या अंधारात किती वर्षे गेली, कोण जाणे.

मग दोन हजार सहाच्या अखेरीस थंडी कडाक्याची पडली. रस्त्याच्या टोकाला बेवारस कुत्र्यांचे आश्रयघर होते. काकू भाजी घेऊन परतत होत्या, तेव्हा त्यांना फाटकावर एक पाटी दिसली: 'सुट्ट्यांत मदत हवी आहे.' आत गोणपाटावर कुत्री एकमेकांना चिकटून कुडकुडत होती. त्यांची देखभाल करणारे दादा, उंच आणि कायम सर्दीने बेजार, एकटेच पाण्याच्या बादल्या वाहत होते.

"काय हवंय तुम्हाला?" काकूंनी विचारले.

"बिस्किटं सोडून काहीही," दादा नाक पुसत म्हणाले. "हाताखालची दोन्ही माणसं सुट्टीवर गेलीत. सुट्टीत लोक येतात, बिस्किटं देतात, फोटो काढतात आणि जातात. मागे ह्यांची पोटं मी निस्तरतो."

"कोट चालतील?"

"मला?"

"तुम्हाला कशाला? कुत्र्यांना हो!"

दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या दुपारी डब्याचे झाकण उघडले आणि उजेड माझ्यावर पडला. मी पुन्हा काकूंच्या गळ्यात गेले. काय सांगू तुम्हाला, म्हातारपणी कोणी हाक मारून बोलावले की कसे वाटते ते!

पहिले माप ठमीचे घेतले. ठमी म्हणजे ठेंगणी, गोल, उनाड कुत्री. ती जागेवर थांबेचना. मला चाटून चाटून ओले केले तिने. त्यानंतर शेठची पाळी आली. शेठ हा वयस्क, तपकिरी, मोठ्या डोक्याचा कुत्रा. एका किराणा दुकानदाराने त्याला पाळले होते आणि तो जन्मभर त्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसला होता, म्हणून त्याचे हे नाव. दुकानदार वारला, दुकान विकले गेले आणि शेठ इथे आला. कुठेही शटर खडखडले की तो उभा राहायचा, थोडा वेळ दाराकडे पाहायचा आणि पुन्हा बसायचा. काकूंनी मला त्याच्या छातीभोवती घेतले. तो हललासुद्धा नाही. त्याच्या काळजाची धडधड मला माझ्या आकड्यांवर ऐकू आली.

शेठसाठी काकूंनी कपाटातून काकांचा जुना लोकरी कोट काढला. काका जाऊन बरीच वर्षे झाली होती.

"बाबांचा कोट कुत्र्याला?" सूनबाईने डोळे मोठे केले.

"मग काय, कपाटाला थंडी वाजते म्हणून तिथे ठेवू?"

माझ्या मापात बोटभर जास्तीचे धरून काकूंनी कोट शिवला. तो शेठला अगदी बेतशीर बसला. सुट्टीतली पाहुणेमंडळी त्याच्याभोवती गोळा झाली. "काय रुबाब आहे बघा!" म्हणत त्यांनी फोटो काढले. कोणी बिस्कीट पुढे केले की शेठ ते अदबीने तोंडात धरायचा. नंतर मागे जाऊन हळूच खाली ठेवायचा. हे कुणी पाहिले नाही. मलासुद्धा ते पुढेच कळले.

काही दिवसांनी काकू आल्या तेव्हा कोट शेठच्या अंगावर लोंबत होता.

"जुनी लोकर. सैल पडली," काकू म्हणाल्या. पुन्हा माप घ्यायला त्यांनी मला काढले. या वेळी माप कमी भरले, चांगलेच कमी. काकूंनी मला डोळ्यांजवळ नेले आणि उसासा टाकला. "ही बया आणखी ताणली वाटतं."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! मी ओरडून सांगितले असते, काकू, या वेळी माझे वय बोलत नाही, या वेळी मी खरे सांगते आहे. पण ज्या टेपने इतके कपडे घट्ट केले, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? काकूंनी बोटाऐवजी दोन बोटे जास्तीची धरली. थंडी वाढली म्हणून आतून जाड अस्तर लावले. उसवून पुन्हा शिवलेला तोच कोट आणखी भरदार दिसू लागला. पाहुण्यांनी पुन्हा फोटो काढले. त्या भरदार कोटाखाली काय चालले होते, ते कुणाच्याच डोळ्यांना दिसले नाही.

सुट्ट्या संपायला थोडे दिवस उरले होते. काकू आल्या. कोटाच्या गळ्यात हाताची मूठ आरपार जात होती. तेवढ्यात ठमी उड्या मारत आली. तिच्या कोटाचे पोटावरचे बंद तुटायला आले होते. काकूंनी सहज मला तिच्याभोवती घेतले. ठमीचे माप वाढले होते.

काकूंचा हात तिथेच थांबला. टेप आणखी ताणली असती, तर ठमीचेही माप कमी भरले असते. आणि ताणलेल्या टेपने कपडा घट्ट होतो; इतका ढगळ कधी होत नाही. त्या खाली मातीतच बसल्या आणि शेठच्या कोटाचे बंद सोडू लागल्या. कोट बाजूला झाला. शेठच्या फासळ्या एकूण एक दिसत होत्या.

"दादा, हा जेवतो का हो?"

"जेवतो की! भांडं रोज रिकामं असतं."

"कोण रिकामं करतं?"

दादांनी ठमीकडे पाहिले. ठमीने शेपूट हलवली. एकट्याने सगळी भांडी मांडायची आणि लगेच पुढच्या पिंजऱ्याकडे धावायचे, यात कोण खाते आणि कोण नुसते उभे राहते हे पाहायला त्यांना उसंत कुठे होती?

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. शेठच्या दाढा किडल्या होत्या, जबड्यात पू झाला होता. त्याला चावताच येत नव्हते. उपासमारीने मूत्रपिंडेही थकली होती. "थोडं आधी कळलं असतं तर..." त्या म्हणाल्या.

काकू शेठला घरी घेऊन आल्या. दारात सूनबाई उभी. "आई, घरात कुत्रं नको म्हणून आपलं ठरलं होतं ना?"

काकूंनी वाद घातला नाही. सूनबाईचा हात धरला आणि शेठच्या पाठीवर ठेवला. सूनबाईने हात मागे घेतला नाही. थोड्या वेळाने तिनेच मशीनखालची जागा पुसली, चादर अंथरली आणि घास कुस्करून, कोमट करून आणला. शेठने दोन बोटे चाटली. तेवढेच.

सुट्ट्या संपल्या. सकाळी समोरच्या दुकानाचे शटर खडखडत वर गेले. शेठने मान उचलली. तोल सावरत तो उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथे बसला. दिवसभर तो रस्त्यावरची ये-जा पाहत राहिला. दोघी सासूसुना आळीपाळीने त्याच्याजवळ बसल्या. संध्याकाळी समोरचे शटर खाली आले. त्यानंतर शेठ उठला नाही. काकांच्या कोटातच त्याला निरोप दिला.

त्यानंतर काकूंनी पुष्कळ कोट शिवले. प्रत्येक कोटाचा बंद असा असे, की एका ओढीत कोट उतरावा. हात चालले तोवर त्या शिवत राहिल्या आणि मग एका हिवाळ्यात शांतपणे गेल्या. ठमीला एका बसड्रायव्हरच्या कुटुंबाने नेले. तिथे ती अजून जाड झाली, असे ऐकले. डॉक्टरीणबाई त्या दिवसापासून सुट्ट्यांतही एक फेरी मारू लागल्या. सूनबाई, जी मला फेकून द्या म्हणायची, तिनेच काकूंच्या पश्चात मला आश्रयघरात आणले आणि आपल्या हाताने या खिळ्याला अडकवले. दर सुट्टीत ती भांडी मांडायला येते आणि प्रत्येक भांड्यापाशी थांबते, ते रिकामे होईपर्यंत.

दादांचे केस पिकले, सर्दी तीच आहे. आता ते कुत्र्यांचे कोट उतरवून मापे घेतात. पाहुणे हसतात, "दादा, या टेपवरचा आकडा दिसतो तरी का?" दादा म्हणतात, "आकडा नको. मागच्या वेळेपेक्षा कमी की जास्त, एवढंच ही मला सांगते. आणि ती सांगते ते मी ऐकतो."

मित्रांनो, सुट्टीत तुम्ही इथे जरूर या. कोट आणा, पांघरुणे आणा, फोटोही काढा. पण जाण्याआधी तो कोट एकदा उतरवा आणि त्या मुक्या पाठीवरून हात फिरवून पाहा. तेवढ्यासाठी माझी गरज लागत नाही.