शीग लावलेली अधोली

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी माझं वजन जाणवेल, मग काठ. मुरबाडच्या बाजारातल्या एका तांबटाने घडवलेली मी जुनी पितळी अधोली आहे. धोंडीबाईने दोन हंगामांचा हिरडा गोळा करून विकला आणि मला घरी आणलं. अधोली म्हणजे अर्धी पायली. पण नुसतं काठापर्यंत भरणं म्हणजे मोजणं नव्हे. काठावर तांदळाचा छोटा डोंगर उभा राहिला पाहिजे, दाणे घरंगळू लागले पाहिजेत. त्याला शीग म्हणतात. आमच्या वाडीत शीग लावल्याशिवाय माप पुरं होत नाही, आणि पहिलं माप ओतताना कुणी 'एक' म्हणत नाही. म्हणतात 'लाभ'. मग दोन, तीन.

धोंडीबाईनंतर मी तिच्या सुनेच्या, गिरजाच्या हाती आले. लग्नकार्यात शेजारणी मला मागून न्यायच्या. कुणाच्या मापावरून भांडण झालं की हाक यायची, "गिरजाची अधोली आणा गो!" मी आले की भांडण मिटायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा ताठा होता.

मग करोनाचं साल आलं. गिरजाचा मुलगा अनंता वाशिंदला कारखान्यात कंत्राटी कामाला होता. कारखाना बंद झाला आणि तो चालत घरी आला. घरचं भात तोवर संपलं होतं. रेशनच्या कार्डावर अनंताची बायको प्रेमा आणि तिची पाच महिन्यांची मनाली यांची नावं अजून चढली नव्हती. चार जिवांच्या घरात दोघांचंच रेशन यायचं. बाकीचा तांदूळ विकत घ्यायचा, तोही धर्माकडून.

धर्मा किन्हवलीचा. आठवड्यातून एकदा टेम्पो घेऊन वाडीत यायचा. एरवी त्याच्या पोत्यातून मीच तांदूळ मोजायची, कारण गिऱ्हाइकाचं माप वापरायचं ही इथली रीत. पण त्या दिवसांत कुणी कुणाच्या भांड्याला हात लावेना. धर्माने आपलं पत्र्याचं माप आणलं. बायका फडकं पसरून लांब उभ्या राहायच्या, तो ओतून निघून जायचा. मी खुंटीखाली पालथी पडून होते. माझ्यात कोळ्याने जाळं केलं होतं, मित्रांनो!

प्रेमा बारावीनंतर मुरबाडच्या कॉलेजात शिकलेली. शहापूरच्या एका संस्थेतली हेतल तिला दर सोमवारी फोन करायची. तांदूळ कितीला, डाळ कितीला, तेल कितीला, मजुरीचा रोज किती मिळतो, हे विचारायची. ज्या वाड्यांत महागाई जास्त, तिथे पावसाआधी तांदूळ पोचवायचा होता. सगळ्यांना पुरेल एवढा नव्हता, म्हणून याद्या दोन होत्या.

गिरजा हसायची. "काय गो प्रेमा, फोनवर भाव सांगतेस? आपण काय दुकान टाकलाय?"

"आई, त्यावरनं मदत ठरते."

प्रेमा सांगायची, तांदूळ सत्तर रुपये अधोली. सात सोमवार तोच आकडा. दोन किलोंची अधोली, म्हणजे पस्तीस रुपये किलो, असं हेतल लिहून घ्यायची. डाळ-तेल चढलं होतं, पण यादी ठरणार होती तांदळावर.

आणि घरात मात्र भलतंच चाललं होतं. तीन अधोल्या तांदूळ पूर्वी पाच दिवस जायचा, आता चौथ्याच दिवशी डबा खरवडायला लागायचा. प्रेमाला वाटलं, आपणच जास्त खातो. गिरजा एकदा सहज म्हणाली होती, "अंगावर पाजणारीची भूक, ती राहते का?" तिच्या मनात काही नव्हतं. पण प्रेमाने ते मनाला लावून घेतलं. ती ताटातला भात मुकाट्याने पातेल्यात परत टाकू लागली. मग दूध कमी झालं. मनाली पिता पिता रडायची आणि प्रेमा तिचे दंड चाचपून बघायची, बारीक झाले की काय म्हणून.

आठव्या सोमवारी हेतलचा फोन आला. "प्रेमाताई, तुमच्याकडे तांदळाचा भाव स्थिर आहे. तुमची वाडी दुसऱ्या यादीत गेली. गणपतीनंतर बघू."

गणपतीनंतर! पावसात ओढा फुगला की वाडीत सायकलसुद्धा येत नाही. भाव तोच, अधोल्या तेवढ्याच, मग डबा लवकर का संपतो, असं म्हणत प्रेमाने फोन ठेवला. मग उठली. धर्माकडून सकाळीच घेतलेल्या तीन अधोल्यांचं फडकं अजून बांधलेलंच होतं. तिने मला उचललं, जाळं पुसलं आणि तांदूळ मोजायला घेतला. शीग लावून.

"लाभ," ती म्हणाली. "दोन."

तिसऱ्यांदा तांदूळ माझ्या अर्ध्यापर्यंतही आला नाही.

गिरजा दारातून बघत होती. "सांडलास?"

"नाय आई. एवढाच हाय."

प्रेमाने मला साबणाने धुतलं आणि दोघी टेम्पोकडे निघाल्या. धर्मा अजून खालच्या आळीत होता. प्रेमाने पदर नाकाला बांधला आणि मला मधल्या दगडावर ठेवून ती मागे सरली.

"धर्मादादा, ह्यात मोजा."

धर्माने आपलं माप माझ्याशेजारी ठेवलं. दोन्ही मापं सारख्याच उंचीची, सारखीच रुंद. "बघा, माप काय लहान नाय माजा."

"भरून दाखवा ना."

त्याने भरलं, आणि सवयीने काठावरून पट्टी फिरवली. शीग पोत्यात परत गेली. तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं. लांबून, नाकातोंडाला फडकी बांधून उभ्या असलेल्या बायकांना इतके दिवस ते दिसलंच नव्हतं.

शेजारची भिमी कडाडली, "असा होय! शीग काय तुज्या सासऱ्याला नेऊन देतोस?"

धर्मा ओशाळला. मग चिडला. "मला वर तांदूळ महाग मिळतोय, नाक्यावर अडवतात, डिझेल हाय. भाव वाढवला असता तर तुमीच मला शिव्या घातल्या असत्या!"

"घातल्याच असत्या," गिरजा म्हणाली, "पण आमाला कळला तरी असता."

तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्या दिवसांत वाडीत टेम्पो घेऊन येणारा तो एकटाच होता. शेवटी तोच म्हणाला, "शिगेची देतो. पण पंच्याऐंशी पडतील." बायकांनी कुरकुर केली, मग कबूल केलं. भाव वाढला आणि तरी सगळ्यांना हलकं वाटलं, असं मी माझ्या आयुष्यात एकदाच पाहिलं.

धर्माच्या टेम्पोत कांदे तोलायचा काटा होता. प्रेमाने त्यावर दोन्ही वजनं करायला लावली. शिगेची दोन किलो शंभर ग्रॅम, सपाट एक किलो सातशे. तिने फोटो काढले, मनालीला कडेवर घेतलं आणि रेंज मिळते त्या टेकाडावर चढली.

"हेतलताई, मी चुकले. भाव विचारला, शीग विचारली नाही. आमचा तांदूळ पस्तीसचा नाही, एकेचाळीसचा आहे. आणि हेही लिहा. अनंताला तीनशे रोज होता तेव्हा एका दिवसाच्या कामात चार अधोल्या तांदूळ यायचा आणि मिठाला पैसे उरायचे. आता बांधावर दीडशे मिळतात. त्यात दोनसुद्धा येत नाहीत."

हेतलने विचारलं, "बाकीच्या वाड्यांतही असंच असेल का हो?"

असंच होतं! सात वाड्यांत शीग गेली होती आणि कागदावर भाव जागचा हलला नव्हता. हेतलच्या तक्त्यात नवा रकाना आला, 'शिगेने की सपाट'. मित्रांनो, शिकलेल्या माणसांच्या तक्त्यात माझ्यामुळे एक रकाना आहे. माझ्या जातीच्या किती भांड्यांना असं म्हणता येईल?

ओढ्याला पाणी चढायच्या चार दिवस आधी वाडीत तांदूळ आला. घरटी पंचवीस किलो. संध्याकाळी गिरजाने त्यातला पहिला तांदूळ माझ्यातून मोजून घेतला, भात केला आणि प्रेमाचं ताट वाढलं. प्रेमाने नेहमीसारखा अर्धा भात पातेल्यात टाकायला हात उचलला.

गिरजाने तिचं मनगट धरलं. इतके दिवस पातेल्यात भात कसा उरतो, हे तिला त्या क्षणी उमगलं असावं. "तू जास्त खात नव्हतीस गो," ती म्हणाली. "माप कमी येत होता. जेव आता."

प्रेमा जेवली. रडत जेवली, पण सगळं जेवली.

आता तांदूळ काट्यावर तोलतात आणि मला सणावारी काढतात. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. मला घासा, पण मऊ राखेने, काठ झिजू देऊ नका. माझ्याने खिळे ठोकू नका. माझ्या बुडाला पोचा आला तर तो बाहेरून कुणाला दिसणार नाही, माप मात्र कमी भरेल, आणि कुठल्यातरी घरातली एखादी पोर स्वतःलाच खादाड समजून अर्ध्या ताटावरून उठेल.