पाठीला माती

वाईत चित्रीकरण सुरू झाल्यापासून नाथाजीची सकाळ घाटावर उजाडत असे. धर्मशाळेच्या ओसरीवर बाकीची मंडळी घोरत असताना तो लंगोट कसून खाली उतरे, पाय वरच्या पायरीवर टेकवून जोर काढी, मग बैठका मारी आणि घाम वाळला की गुडघाभर पाण्यात उभा राहून तांब्याने अंगावर कृष्णेचं पाणी घेई. देवळाकडे निघालेले पुजारी त्याला वळसा घालून जात. त्या दिवशीही सारं असंच झालं. तो वर आला तेव्हा कृष्णात स्टोव्हवर चहा उकळत बसला होता.

कृष्णात नायकाचा डुप्लिकेट. नायकाचे कपडे घालून उड्या मारायच्या, घोड्यावरून कोसळायचं, हे त्याचं काम. पलटणीतून सुटून आल्यापासून तो हेच करत होता. पण त्याचा चेहरा एकाही चित्रपटात दिसला नव्हता. पडद्यावर दिसायची ती फक्त त्याची पाठ.

"आज मार खायचाच हाय, मग जोर कशाला काढतोस गड्या?" त्याने विचारलं.

"चहा दे," नाथाजी म्हणाला.

पडायचं कसं, हे त्याला कृष्णातनेच शिकवलं होतं. हनवटी छातीला लावायची, जीभ दातांच्या आत ठेवायची, श्वास सोडून द्यायचा. नाथाजी सारं शिकला, फक्त उताणं पडायला शिकला नाही. सांगलीजवळच्या माधवनगरच्या तालमीत लहानपणापासून त्याचं अंग एकच गोष्ट घोकत आलं होतं, की पाठ मातीला लागली म्हणजे कुस्ती गेली. सिनेमात जायला वस्ताद नानासोंनी परवानगी दिली तीही मारुतीच्या पायांवर हात ठेवायला लावून. मार दे, मार खा, पण पाठीला माती लागू देऊ नकोस, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

आजवर ते निभलं होतं. दोन चित्रपटांत तो दरोडेखोरांच्या घोळक्यात उभा राहिला होता. गावच्या लोकांना तो पडद्यावर सापडलाही नव्हता. आज मात्र कॅमेरा त्याच्या तोंडावर येणार होता. नायक त्याला धोबीपछाड घालणार, तो उताणा आदळणार आणि हरलेल्या माणसाचा चेहरा पडदाभर दिसणार. मारामारी बसवणाऱ्या लालासाहेबांनी सांगून ठेवलं होतं, की हे नीट जमलं तर पुढच्या चित्रपटात खलनायकाचा उजवा हात तूच, तोंडी संवादांसह. न जमलं तर घोळक्यात उभी राहायला माणसं पुष्कळ आहेत.

घाटाजवळची जमीन खणून भुसभुशीत केली होती. भोवती माणसांची भिंत उभी राहिली. पहिल्याच रांगेत, काठीवर हनवटी टेकून, नानासो बसले होते. तालमीची चार पोरं घेऊन ते सांगलीहून एस.टी.ने आले होते.

नायकाने पकड घेतली. "कट" झाल्यावर त्याच्या जागी त्याच रंगाचा फेटा बांधलेला कृष्णात आला. त्याने नाथाजीला खांद्यावर घेतलं आणि फेकलं. नाथाजी हवेतच वळला नि पोटावर पडला. लोक हसले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. आता टाळ्या पडल्या. लालासाहेब पुढे आले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. मग नायकाला म्हणाले, ठोसा खरा बसू द्या, जरा गुंगीत आला म्हणजे पडेल. ठोसा बसला. नाथाजीचा ओठ फाटला, रक्त हनवटीवरून छातीवर उतरलं. रंगभूषावाल्याने ते पुसू नका म्हणून सांगितलं.

कृष्णातने पुन्हा त्याला उचललं. "ह्या टायमाला पड रं," तो कानाशी पुटपुटला. नाथाजीने पडायचं ठरवलंही होतं. तेवढ्यात तालमीच्या एका पोराने शड्डू ठोकला. तो आवाज कानी पडताच नाथाजीचं अंग त्याचं राहिलं नाही. त्याच्या पायाने कृष्णातच्या पायात आकडी घातली, कंबर फिरली, आणि दोघे खणलेल्या जमिनीच्या पलीकडे दगडी पायरीवर आदळले. कृष्णात खाली होता. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला.

लोकांनी फेटे उडवले. कुणी शिट्ट्या मारल्या. कृष्णातचा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता आणि कातडी फाडून हाड बाहेर आलं होतं. तो ओरडला नाही. रक्त पायरीवरून ओघळताना तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मोडला रं नाथा. आता तरी पड."

त्याला जीपमध्ये घालून साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. पायरीवर दोन घागरी पाणी ओतलं गेलं. लालासाहेबांनी स्वतःच कृष्णातचा फेटा डोक्याला गुंडाळला, कारण दुसरं कुणी पुढे येईना.

नाथाजी वस्तादांपुढे जाऊन उभा राहिला. नानासोंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "राखलीस," ते म्हणाले.

"आन् त्येचा हात, वस्ताद?"

"आखाड्यात हात मोडत्यातच."

"ह्यो आखाडा न्हवं. त्यो मला पाडत नव्हता, काम करत हुता. मी बी कामालाच आलोय." नाथाजीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "मी पडनार हाय. तुमी बघू नगासा."

नानासो जागचे उठले नाहीत.

लालासाहेबांनी त्याला उचललं. त्याने हनवटी छातीला लावली, श्वास सोडला. पोरांनी शड्डू ठोकले, एकदा, दोनदा. त्याची कंबर वळू पाहत होती. त्याने ती वळू दिली नाही. दोन्ही खांदे, मग सारी पाठ मातीवर आपटली. कॅमेरा त्याच्या तोंडावर आला आणि तिथे जे काही होतं ते टिपत राहिला. "कट" झाल्यावरही तो थोडा वेळ तसाच पडून होता.

उठला तेव्हा नानासोंची जागा रिकामी होती. रंगभूषावाला पाठ पुसायला ओला टॉवेल घेऊन आला. नाथाजीने नको म्हटलं. मातीवरच सदरा चढवला, धर्मशाळेतून कृष्णातची वळकटी उचलली आणि स्टँडवर येऊन तो साताऱ्याच्या गाडीत बसला.