गुणवंतरावांच्या नावाचं भोक

गुलाम रसूल मिस्त्रीने आयुष्यात अकरा विहिरी, चार शाळा, दोन चावड्या आणि देवीचं एक देऊळ फुकट बांधून दिलं. देऊळ काऊन बांधलं, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "देवी भिजून राह्यली होती ना बाबा!" त्याच्या स्वतःच्या घराची मागची भिंत मात्र बांबूच्या तट्ट्याची होती. ती दरवर्षी पडे आणि दरवर्षी त्याची बायको खैरुन ती उभी करी. म्हणजे बांधकाम त्या घरात दोघांनाही येत होतं.

चांद्याच्या पूर्वेला, जंगलात, आमचं पिपरटोला. त्रेपन्न साली तिथे शाळेचं काम निघालं. तोवर पोरं चार मैल चालत शेजारच्या गावी शिकायला जात. मोहफुलांच्या दिवसांत त्याच वाटेने अस्वलंही जात. वाट कुणी कुणाला द्यायची, याचा नियम ठरलेला नव्हता. मिस्त्रीला स्वतःला सहीसुद्धा येत नसे. साहेबलोकांच्या बंगल्यांवर त्याने कितीतरी नावं कोरली होती, पण नक्षी कोरावी तशी. "एक डाव पाटी उलटी बसवली," तो सांगे, "अन् चार दिवस मीच तिच्याकडे पाहून खुश होऊन राह्यलो होतो." शाळेचं नाव काढलं की त्याचे डोळे लहान पोरासारखे होत, ते यामुळेच.

शिक्षण खात्याच्या डिप्टी साहेबांनी गुरुजी आधीच पाठवले होते, पण उसने. तीस एप्रिलला इमारत पुरी दिसली नाही, तर गुरुजी दुसऱ्या गावी जाणार होते.

मिस्त्रीची अट एकच. मजुरी नको, पण प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या हाताने एक दगड आणायचा आणि आपल्या हाताने भिंतीत बसवायचा. "स्वतःचा दगड असला की माणूस भिंतीवर थुंकत नाई," असं त्याचं शास्त्र होतं.

साठ घरांचे दगड आले. राहिलं घर गुणवंतरावांचं. त्यांची मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, दोन वर्षांपूर्वी कायद्याने गेली होती, पण कायद्याला मिशीपर्यंत पोचायला वेळ लागतो. मिशी साठीतही काळीभोर होती. "आमच्या घराण्यात मिशी पिकत नाही," ते सांगत. त्यांनी दगड पाठवला तो वारलूच्या डोक्यावर. वारलू त्यांचा गडी.

मिस्त्रीने दगड ठेवून घेतला. "वारलूभाऊ, हा तुह्या घरचा दुसरा."

"मालकाचा आहे न जी."

"मालकाले हात नाईत काय?"

मग मिस्त्रीने भिंत पुरी केली, छपरावर कवेलू चढवले, आणि गावाच्या बाजूच्या भिंतीत एका दगडाची जागा मोकळी सोडली. कुठे सोडायची, ते त्याने ओळंबा लावून आणि दोनदा वाकून पाहून ठरवलं.

आत गुरुजींचा वर्ग भरू लागला आणि एप्रिल सरत आला. गाव घाबरलं. लटारू कोतवाल रोज येऊन भोकात हात घालून पाही, जणू आतून काही उत्तर मिळेल.

"मिस्त्री, ठोक न एखादा दगड! साहेब हे भोक पाहीन अन् गुरुजीले सायकलवर बसवून नेईन."

"ठोकतो. मंग शाळा साठ घरांची होईन. गावाची नाई होणार."

तो ठाम बोले, पण घरी त्याचं जेवण अर्धं राहू लागलं. खैरुन ताट उचलता उचलता म्हणाली, "भोक भिंतीले पडलं की तुमच्या पोटाले?"

सत्तावीस एप्रिलला गुणवंतराव सकाळचे चौकातून चालले होते. समोरून पहिलीतली वच्छला आली. पोरगी अदबशीर. हात जोडून म्हणाली, "राम राम मालक. आज डावी बाजू राह्यली."

गुणवंतराव तसेच मागे फिरले. घरामागच्या सांदवाडीत त्यांचा आरसा टांगलेला असे, तिथे गेले. खरंच, मिशीची उजवी बाजू काळी, डावी पांढरीफेक. एरंडेलात खललेल्या काजळाची वाटी आणि कुंचला तिथेच पडले होते. त्यांनी आरशावरून नजर वर केली. बोळाच्या पलीकडे शाळेची भिंत, भिंतीत भोक, आणि भोकात चार डोळे, तीन पोरांचे. चौथा गुरुजींचा असावा, कारण त्यावर चष्मा होता.

"मी म्हणतच होती," त्यांच्या पत्नी इंदुताई मागून म्हणाल्या, "सांदवाडीत नका रंगवू."

अर्ध्या तासात गुणवंतराव शाळेपाशी आले. डोक्यावर फेटा, फेट्यावर दगड. दगड चांगला होता, इंदुताईंनी निवडलेला. गाव गोळा झालं, पण कुणी हसलं नाही. न हसायला गावाला फार कष्ट पडले.

"भोक इथंच काऊन ठेवलं रे मिस्त्री?"

"इथून तुमचं घर जवळ पडते, मालक. दगड दूर न्यायची तकलीफ नको म्हटलं."

मिस्त्रीने त्यांच्या हातात थापी दिली. चुना त्यांच्याकडूनच कालवून घेतला. दगड तीनदा बसवायला लावला, कारण दोनदा तो बोटभर बाहेर राहिला. तिसऱ्यांदा मिस्त्रीने ओळंबा सोडला आणि म्हणाला, "बराबर. साठांत इतका चांगला कोणी बसवला नाई." हे खरं होतं. गुणवंतराव भिंतीकडे पाहत राहिले. घामाने उजवी मिशीही पांढरी होत चालली होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मग मालगुजार जागा झाला.

"गावात घरं किती?"

"एकसष्ट, मालक."

"बासष्ट! तुह्या घरचा दगड कुठी आहे?"

मिस्त्री बोटांवर घरं मोजू लागला. त्याने शेकडो दगड बसवले होते, पण सगळे मिस्त्री म्हणून; घरचा म्हणून एकही नाही. घरं मोजताना स्वतःचं घर त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"पाड भोक!" गुणवंतराव आनंदाने ओरडले.

तेवढ्यात गर्दीतून खैरुन घरी गेली आणि दोन्ही हातांत दगड धरून परत आली. दगड काळा होता आणि अजून गरम होता. चुलीचा. चुलीचे तीन सोडले, तर घरात दगड उरलाच नव्हता. बाकीचे नवऱ्याने कधीच शाळेला वाहिले होते. भिंतीत जागा नव्हती, म्हणून दोघांनी मिळून तो दाराशी पायरी म्हणून बसवला.

तीस तारखेला डिप्टी साहेब त्याच पायरीवरून आत गेले. गुणवंतरावांनी त्यांना आपला दगड दोनदा दाखवला. मिशी पूर्ण पांढरी होती. गुरुजी गावातच राहिले.

त्या दोन-तीन दिवसांत मिस्त्रीच्या घरी चूल पेटली नाही. भाकरी घरोघरून आल्या. इंदुताईंनी वडाभात पाठवला. मिस्त्री पोटभर जेवला, पुन्हा वाढून घेतलं. खैरुन त्याच्याकडे बघत म्हणाली,

"चुलीचे अजून दोन आहेत. दुसरी शाळा कवा काढता?"