वाटीभर दूध

"च्या काय खाणं हाय व्हय, अक्का?" मल्लव्वा हसली. "खाणं म्हंजे भात-भाकरी."

क्रांतीनं मान हलवली. पोरं रोज किती भात, भाकरी, साखर, दूध खातात ते घरोघरी विचारत फिरायचं, हे तिचं काम. सांगणाऱ्यांना कंटाळा यायचा नि विचारणारीला त्याहून जास्त. सकाळी नागाळा पार्कातल्या एका बंगल्यात आईनं आठवीतल्या पोराचा भात बंद केला होता, पोट सुटतंय म्हणून. आता कसबा बावड्यातल्या या पत्र्याच्या खोलीत तीन वर्षांची सौंदर्या नुसत्या भातावर वाढत होती. कुणाला सांगायचं नि काय सांगायचं!

"काल सकाळी काय दिलं हिला?"

"च्या-चपाती."

"दुपारी?"

"भात की. रातीबी त्योच."

"आणि दूध?"

मल्लव्वाचा आवाज चढला. "देतो की! रोज वाटीभर. तेवढं चुकवत न्हाय."

बोलता बोलता तिनं चहासाठी शेगडी पेटवली. क्रांतीनं तिला अडवलं नाही. मागं एका घरी तिनं चहा नको म्हटलं होतं, तर त्या बाईनं "आमच्यातलं चालत न्हाय व्हय?" म्हणत तोंडावर दार लावलं होतं. तेव्हापासून ती कुठंच नाही म्हणत नसे. पण मल्लव्वानं दुधाचं पातेलं चहात पार उपडं केलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं, घरात तेवढंच दूध होतं. सौंदर्या आपली वाटी घेऊन शेगडीपाशी आली होती.

"थांब गं, पावणी आल्यात," मल्लव्वानं तिला मागं सारलं.

चहा दाट होता, गोड होता. पोरगी कपाकडं बघत उभी राहिली. क्रांतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कप खाली ठेवायची सोय नव्हती. तिनं तो संपवला.

आदल्या दिवशीचं खाणं सलग दोन दिवस विचारायचं, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती परत त्याच दारात आली. भात झाला, चहा-चपाती झाली.

"आणि काल दूध?"

मल्लव्वानं तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. "दिलं की. वाटीभर."

कालचं दूध कुणाच्या पोटात गेलं, हे दोघींनाही ठाऊक होतं. ऑफिसातले साहेब म्हणायचे, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. क्रांतीनं 'एक वाटी' लिहिलं.

"बसा, च्या टाकतो."

"नको, आज उपास आहे माझा."

"उपासाला च्या चालतोय की!"

"निर्जळी आहे."

मल्लव्वानं भक्तिभावानं हात जोडले. पुढं केलेला पाण्याचा तांब्याही तिनं मागं घेतला.

क्रांती बाहेर पडली. ऊन मी म्हणत होतं, घसा पार सुकला होता. वळणावरच्या नळाला पाणी आलं होतं, बायका घागरी भरत होत्या. पोरीला कडेवर घेऊन मल्लव्वा दारातून बघत होती. क्रांती नळाजवळून तशीच पुढं गेली.