डिकी श्रीनाथच लावतो

श्रीनाथला सामान लावता येतं, हे त्याच्या घरात कुणी नाकारत नाही. नाकारायची सोयच नाही. पॉइंट कुक या त्यांच्या उपनगरातून कुठेही निघायचं असलं की बायकोने, मंजिरीने, बॅगा दारात आणून ठेवायच्या आणि बाजूला व्हायचं. मग श्रीनाथ डिकी उघडणार, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ नुसता बघणार आणि कामाला लागणार. दुसऱ्याने लावलेली डिकी त्याला बघवत नाही. मित्रांच्या डिक्याही त्याने न विचारता उपसून परत लावल्या आहेत. लोक हसतात आणि त्याला ते कौतुक वाटतं.

त्याची मुलगी चिन्मयी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून बर्फात गेली, तेव्हा मात्र त्याला काहीच लावता आलं नाही. डोंगरावरच्या एका छोट्या कंपनीत ती उमेदवारी करत होती. ही कंपनी लोकांना स्किडूने लांब आत घेऊन जाते. स्किडू म्हणजे बर्फावर पळणारी मोटरसायकल. तिच्या मागे सामानाची स्लेड जोडलेली असते. जिथे लिफ्ट नाही, गर्दी नाही, अशा ठिकाणी एका जुन्या लाकडी झोपडीपाशी स्किडू थांबते, आणि पुढे स्कीजच्या तळाला पट्ट्या चिकटवून आपल्या पायांनी चढायचं. एवढं चढून परत घसरत खालीच यायचं, यासाठी पोरीने युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, सोडली, हे श्रीनाथच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. ओळखीत तो 'गॅप इयर' म्हणून वेळ मारून नेत होता.

शेवटी बापलेकीत ठरलं. या हिवाळ्यात कंपनीने गाइड म्हणून कायम घेतलं, तर श्रीनाथ युनीचं नाव काढणार नाही. नाही घेतलं, तर चिन्मयी फेब्रुवारीत, नवं सत्र सुरू होताच, मुकाट वर्गात जाऊन बसेल. दोघांनी हात मिळवले. दिलेला शब्द पाळायचा, हे तिला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

ऑगस्टमधल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी तिची परीक्षा होती. कंपनीचा मालक ग्लेन फक्त सोबत येणार आणि बघणार. सगळी सहल चिन्मयीने सांभाळायची. पाहुणे म्हणून तिने आईबाबांना आणि विलासकाकांना बोलावलं. विलास हा श्रीनाथचा पुण्याच्या कॉलेजपासूनचा मित्र, पन्नाशीत स्कीइंग शिकलेला. स्कीइंग करण्यापेक्षा त्याबद्दल बोलण्यात तो जास्त तरबेज होता.

सकाळी शेडमध्ये चिन्मयीने स्लेड भरली, वर ताडपत्री टाकली, पट्टे आवळले आणि रेडिओ आणायला ऑफिसात गेली. ग्लेन स्किडूत पेट्रोल भरत होता. तेवढ्यात मंजिरीने गाडीतून खाण्याची पिशवी आणली: मिसळीच्या कटाचे दोन मोठे थर्मास, पाव, फरसाणाचा डबा, शिऱ्याचा डबा. पोरीच्या परीक्षेला रिकाम्या हाताने कसं जायचं? पिशवी स्लेडमध्ये मावेना.

श्रीनाथने कमरेवर हात ठेवले. त्याच्या मते स्लेड अगदीच गबाळी लावली होती. त्याने पट्टे सोडले. मधोमध एक केशरी बॅग होती, लांबोडकी, वजनदार. चाचपून बघितलं तर आत काठ्या आणि कापड लागलं. तंबू, त्याने ठरवलं. संध्याकाळी परत यायचंय, तंबू कशाला? बॅग काढून त्याने शेडमधल्या बाकाच्या मागे उभी करून ठेवली, तिच्या जागी पिशवी बसवली, ताडपत्री ओढली आणि पट्टे पहिल्यापेक्षा घट्ट आवळले. चिन्मयी आली, पट्टे हलवून बघितले, घट्ट होते. ती निघाली.

स्किडूवरून जाताना मजा आली, हे श्रीनाथने मनातल्या मनात मान्य केलं. झोपडीपाशी पोचल्यावर आधी चढू, जेवण खाली आल्यावर, असं चिन्मयीने सांगितलं. स्नो गम्स नावाच्या झाडांच्या वाकड्या खोडांमधून ती सगळ्यांना सावकाश वर घेऊन गेली. कुठे थांबायचं, कुठे बर्फ कडक आहे, कुणी पाणी प्यायलेलं नाही, सगळ्याकडे तिचं लक्ष होतं. युनीत असताना इतकं मन लावून काही करताना श्रीनाथने तिला पाहिलं नव्हतं. ग्लेन मागून काही न बोलता येत होता आणि त्याचा चेहरा प्रसन्न होता.

उतरताना विलास पडला. गुडघा असा वळला की त्याचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. चिन्मयी त्याच्यापाशी पोचली, पाय हलू दिला नाही, दोन स्की पोल्स घेऊन गुडघ्याला आधार बांधला. वारा वाढला होता, ढग खाली यायला लागले होते. ग्लेनने नुसती मान हलवली, म्हणजे बरोबर चाललंय. "घाबरू नका काका, रेस्क्यू बॅग आणते. त्यात शेल्टर आहे, स्लीपिंग बॅग आहे, स्ट्रेचर आहे," असं म्हणून ती सरळ खाली झोपडीकडे सुटली.

श्रीनाथ वरून बघत होता. ही आपली मुलगी, असं त्याला त्या क्षणी कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तिने पट्टे सोडले, ताडपत्री उचलली आणि ती तशीच थांबली. मग तिने आतून थर्मास उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि खाली ठेवला.

तेव्हा श्रीनाथला केशरी बॅग आठवली.

ती वर आली, हात रिकामे. ग्लेनने विचारलं. तिने एकदाच वडिलांकडे पाहिलं, मग ग्लेनकडे वळून म्हणाली, "बॅग खाली शेडमध्ये राहिली. निघायच्या आधी मी परत चेक केलं नाही. दॅट्स ऑन मी."

आत्ता विलास महत्त्वाचा, हे नंतर सांगता येईल, असं श्रीनाथने स्वतःला समजावलं. कारण इतकं पटकन सापडलं की त्याची त्यालाच शिसारी आली.

ग्लेन स्किडू घेऊन बॅग आणायला गेला. तो परत येईपर्यंत चिन्मयीने फावड्याने बर्फाची भिंत उभी केली, आपलं जाड जॅकेट विलासच्या अंगाखाली घातलं आणि स्वतः वाऱ्याकडे पाठ करून त्याला चिकटून बसली. विलासचे दात वाजत होते. आयुष्यभर ज्याचं तोंड कधी बंद झालं नाही तो माणूस गप्प पडला होता. चिन्मयीही कुडकुडत होती. श्रीनाथने आपलं जॅकेट पुढे केलं. "पाहुण्यांचं घेता येत नाही, बाबा," ती म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंजिरी त्याच्या कानाशी आली. "स्लेड तू उघडली होतीस."

त्याने मान हलवली.

"मग बोल ना."

तो बोलला नाही. समोर मित्र थंडीने काळानिळा पडला होता, मुलगी त्याच्यासाठी गारठत होती, आणि त्याला जड जात होतं ते विलाससमोर 'माझं चुकलं' म्हणणं. इतकं साधं होतं ते.

विलास सुखरूप खाली आला. गुडघ्याचा लिगामेंट गेला होता. त्याला अँब्युलन्समध्ये बसवल्यावर तो बोलायला लागला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग श्रीनाथ ग्लेनला गाठून म्हणाला की बॅग मी काढली, मुलीचा काही दोष नाही. तो बराच वेळ बोलत राहिला. ग्लेनने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला कळलं होतंच. बाकाच्या मागे बॅग इतकी नीट ठेवलेली होती की ती विसरलेली वाटत नव्हती. पण पाहुणे सामानाला हात लावतातच, तो म्हणाला, म्हणूनच गाइडने निघताना परत उघडून बघायचं असतं. चिन्मयी चांगली आहे. पण या वर्षी नाही.

आणि ते 'या वर्षी नाही' ऐकताना श्रीनाथच्या छातीत कुठेतरी काहीतरी सैल झालं. फेब्रुवारी. युनी. क्षणभरच. पण त्याने ते ओळखलं, आणि दिवसभरात वाटली नव्हती इतकी लाज त्याला तेव्हा वाटली.

पार्किंगमध्ये चिन्मयी आपलं सामान घेऊन आली. श्रीनाथ तिला म्हणाला की ते युनीचं विसर, तो करार मी मोडला असं समज, तू पुढच्या वर्षी परत ये.

"ठरलं होतं, बाबा. हात मिळवलेत आपण. मी एनरोल करते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "एक विचारू? तू मुद्दाम नाही ना काढलीस बॅग?"

"नाही," तो म्हणाला.

ते खरं होतं. पण ग्लेनसमोर छातीत जे सैल झालं होतं ते आठवून तो अडखळला, आणि खरं उत्तर उशिरा आलं. तिने ते ऐकलं, उशीरही ऐकला.

"ओके," ती म्हणाली. "नो वरीज."

तिने डिकी उघडली. स्कीज, बूट, भिजलेलं जॅकेट, भरलेले थर्मास, शिऱ्याचा न उघडलेला डबा. मंजिरी सवयीने बाजूला झाली आणि श्रीनाथची वाट बघत राहिली. श्रीनाथ दोन पावलं पुढे आला, आणि थांबला.

चिन्मयीने एकटीने डिकी लावली. स्कीज तिरप्या बसल्या, डबे डुगडुगत राहिले. तिने झाकण लावलं, मग परत उघडलं, आतल्या एकेका वस्तूला हात लावून बघितलं, आणि पुन्हा लावलं. श्रीनाथ हात खिशात घालून बघत उभा होता. ती मागच्या सीटवर जाऊन बसल्यावर मग तो गाडीत बसला.